बोरूचा काप

एकदा एक आचार्य असे होते, की त्यांच्या पाठशाळेत लिहिलेले पान कोणाच्या हातचे आहे हे कोणालाच ओळखता येत नसे. ही निंदा नव्हे, हीच त्या पाठशाळेची कीर्ती होती. विद्यार्थी चाळीस आणि अक्षर एक. दूरदूरचे लोक पोथ्या नकलून घ्यायला तिथे येत, कारण पहिले पान एकाने आणि शेवटचे पान दुसऱ्याने लिहिले तरी वाचणाऱ्याच्या डोळ्याला मध्ये कुठे सांधा लागत नसे.

हे साधत असे ते शिस्तीमुळे. पहाटे स्नान, मग प्रार्थना, आणि प्रार्थना झाली की आचार्य स्वतः मांडी घालून सगळ्यांचे बोरू कापायला बसत. बोरूचे टोक किंचित तिरके कापावे लागते. तो तिरकेपणा नेमका असला तरच जाड रेघ जाड येते आणि बारीक रेघ बारीक. आचार्य एकाच चाकूने, एकाच अंगाचा काप चाळीस बोरूंना देत. त्या चाकूला इतर कोणी हात लावायचा नाही असा नियम होता, आणि लावला तर त्याच दिवशी घर गाठायचे. मग कित्ता. आचार्यांनी लिहिलेल्या ओळीखाली तीच ओळ शंभर वेळा लिहायची. मध्ये बोलायचे नाही, उठायचे नाही. दोन वर्षांनी ज्याचे अक्षर कित्त्याशी जुळेल तो राहील, ज्याचे जुळणार नाही तो परत जाईल.

आजकाल हे ऐकले की आपण नाक मुरडतो. मीही मुरडते. आणि लेकीसाठी शाळा बघायला गेले की पहिला प्रश्न हाच विचारते, "शिस्त कशी आहे हो तुमच्याकडे?" तेव्हा आचार्यांना हसण्याची घाई नको.

त्या पाठशाळेत दहा वर्षांची एक मुलगी आली. तिची आई तिथल्याच स्वयंपाकघरात भाकऱ्या थापण्याच्या कामाला लागली होती. लेकीने लिहायला शिकावे आणि पुढे पोथ्या नकलून स्वतःच्या पायावर उभे राहावे, एवढ्या एका इच्छेपायी ती गाव सोडून आली होती. पहिल्याच दिवशी ती आचार्यांपुढे चाचरत उभी राहिली.

"आचार्य, एक सांगायचं राहिलं. पोरगी डावरी आहे. पण मी मोडते तिची सवय, तुम्ही काळजी करू नका."

"मोडू नकोस," आचार्य म्हणाले. "मी हात पाहत नाही, मी अक्षर पाहतो. माझ्याकडे सर्वांना एकच बोरू, एकच कित्ता आणि एकच वेळ. इथे कोणाला कमी नाही आणि कोणाला अधिकही नाही."

आई वाकून नमस्कार करून गेली. इतका न्यायी माणूस तिने आयुष्यात पाहिला नव्हता. खरे सांगायचे तर मीही असेच म्हटले असते.

मुलगी लिहू लागली. पण अक्षर काही केल्या येईना. जाड रेघ हवी तिथे बारीक येई, बारीक हवी तिथे शाईचा ठिपका फुगून बसे. शंभर ओळी झाल्या की ती आपणहून आणखी वीस लिही. शेजारची मुले पान पाहून म्हणत, "अगं, कोंबडी पाळलीस की काय? सगळीकडे तिचेच पाय उमटलेत!" आचार्य रागावत नसत. ते पान पाहत आणि शांतपणे म्हणत, "अभ्यास कमी पडतो आहे."

हे शब्द आईच्या कानावर गेले. तेव्हापासून दुपारी भाकऱ्या झाल्या की ती लुगड्याच्या चिंधीने लेकीचा डावा हात पाठीशी बांधू लागली आणि उजव्या हातात बोरू देऊ लागली. उजव्या हाताचे अक्षर तर त्याहूनही वाईट येई. मला या आईचा राग यायला हवा, पण येत नाही. आपले मूल चारचौघांसारखे व्हावे ही घाई मायेच्या इतकी खेटून बसलेली असते, की कुठली कोणती हे निदान मला तरी अजून वेगळे काढता आलेले नाही.

दोन वर्षे संपायला आठ दिवस उरले होते. त्या दिवशी मुलीचा बोरू हातातून निसटून दगडी पायरीवर पडला आणि टोकाशी फुटला. नवा मागायला जावे तर बोलणी बसणार. म्हणून ती तशाच फुटक्या टोकाने लिहू लागली, आणि पहिल्याच अक्षराला थबकली. जाड रेघ जाड आली होती, बारीक रेघ बारीक. तिने बोरू डोळ्यांजवळ धरून पाहिला. टोक तुटले होते ते नेहमीच्या कापाच्या बरोबर उलट्या अंगाला तिरके.

तिने कोणालाही काही सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी आचार्य नदीवर गेले असताना तिने त्यांचा चाकू उचलला, एक कोरा बोरू घेतला आणि त्याला तसाच काप दिला.

आठव्या दिवशी एक मोठा व्यापारी आला. त्याला मंदिरासाठी सहाशे पानांची पोथी नकलून हवी होती. पाठशाळेत चाळीसही जणांची पाने मांडली होती. व्यापाऱ्याने ती फिरून फिरून पाहिली आणि मान डोलावली. "वा! एका साच्यातून काढल्यासारखी." आचार्यांनी मुलीचे पान हातात घेतले. तेही कित्त्याशी जुळत होते. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसला.

तेवढ्यात सर्वांत जुना विद्यार्थी उठून उभा राहिला.

"आचार्य, हिचा बोरू पाहा. तो आपण कापलेला नाही. हिने आपल्या चाकूला हात लावला."

आचार्यांनी मुलीकडे पाहिले. "खरे आहे?"

"हो."

"माझ्या शाळेत पोथी लिहायची तर नियम पाळावाच लागतो," आचार्य हळूहळू म्हणाले. "तरीही तुझे दोन वर्षांचे कष्ट मी जाणतो. क्षमा माग, हा बोरू टाकून दे आणि उद्यापासून पुन्हा माझ्या हातचा घे. मी हे विसरून जाईन."

दारात उभी असलेली आई हातातले पीठ झटकत आत धावली. "माग गं बाई, माग! एक शब्द तर आहे. तोंड झिजतंय का तुझं?"

मुलगी म्हणाली, "न विचारता चाकू घेतला, त्याची क्षमा मागते. बोरू असा कापला, त्याची नाही मागणार."

"का बरे?"

"कारण त्यात माझी चूक नाही. आपल्या बोरूने माझ्या डाव्या हाताचे अक्षर कधीच येणार नाही. शंभर काय, लाख वेळा लिहिले तरी नाही. मी परत जाईन, पण त्या बोरूने पुन्हा लिहिणार नाही."

व्यापारी हसला. "आचार्य, असल्या पोरींना कशाला ठेवता? आज चाकू घेतला, उद्या कित्ता बदलेल. माझी पोथी असल्या हाताची मला नको. डाव्या हाताची पोर चुलीपुढेच बरी."

इतका वेळ लेकीपुढे हात जोडणारी आई गर्रकन वळली. "चुलीपुढेही तिचा हाच हात चालतो, शेटजी. सकाळी चार भाकऱ्या खाल्ल्यात ना? तिनंच थापल्या होत्या. वाकड्या लागल्या का घशाला?"

मागच्या ओळीतून कोणीतरी फुसकन हसले. आचार्य हसले नाहीत. त्यांनी मुलीच्या हातातला बोरू घेतला आणि बोटांमध्ये फिरवून पाहिला. मग त्यांनी तो दौतीत बुडवला आणि स्वतःच्याच कित्त्याखाली, उजव्या हाताने, तीच ओळ लिहिली. लिहून झाल्यावर त्यांनी पान सर्वांसमोर धरले. ज्या अक्षरासाठी लोक दूरदूरून येत ते अक्षर वेडेवाकडे झाले होते. जाड तिथे बारीक, बारीक तिथे ठिपका.

"आता तुम्ही," ते म्हणाले. "प्रत्येकाने याच बोरूने एक ओळ लिहायची. सर्वांत जुना प्रथम."

कोणाला काही कळेना. जुना विद्यार्थी पुढे आला. अर्धी ओळ होताच त्याचे कान लाल झाले. "आचार्य, या बोरूने लिहिता येत नाही."

"अभ्यास कमी पडतो आहे," आचार्य म्हणाले. "पुढचा."

एकापाठोपाठ एक एकोणचाळीस जणांनी लिहिले. एकाचेही अक्षर धड आले नाही. कोणी बोरूला दोष दिला, कोणी शाईला. एकाने तर चिडून पान चुरगाळले. सगळे झाल्यावर आचार्य बोलू लागले.

"एक ओळ, आणि तुमचा धीर सुटला. ही मुलगी दोन वर्षे रोज शंभर ओळी अशाच बोरूने लिहीत होती, जो तुमच्या हाताचा होता, हिच्या हाताचा नव्हता. रोज तिचे अक्षर बिघडले, रोज मी म्हणालो अभ्यास कमी पडतो, रोज तुम्ही हसलात, आणि दुसऱ्या पहाटे ती पुन्हा वेळेवर आपल्या जागेवर येऊन बसली. मग शिस्त कोणात अधिक? मी समजत होतो की सर्वांना सारखाच काप दिला म्हणजे न्याय झाला. हात कोणताही चालेल, असे मी मोठ्या उदारपणे म्हणालो, आणि बोरू मात्र एकाच हाताचा कापत राहिलो. शंभर वेळा लिहिण्याचा नियम खरा आहे, तो मी सोडणार नाही. एकाच कापाचा नियम मात्र शिस्त नव्हती. ती माझी सवय होती, आणि सवयीला मी शास्त्र मानत आलो."

व्यापारी उठला. "भाषण ऐकले. माझ्या पोथीचे काय?"

"चाळीस जणांनी लिहिलेली हवी असेल तर मिळेल. एकोणचाळीस जणांची इथे मिळत नाही."

"विचार करून सांगतो," म्हणत व्यापारी निघून गेला. आचार्यांनी त्याला थांबवले नाही. तो परत आला की नाही, हे कथेत नाही. मला वाटते आला असावा. पण गोड शेवटाच्या बाबतीत माझ्यावर फारसा विश्वास ठेवू नये.

आचार्य मुलीकडे वळले. "न विचारता चाकू घेतलास, त्याची शिक्षा बाकी आहे. आजची ओळ दोनशे वेळा."

मुलीने मान वर केली. "कोणत्या बोरूने?"

आचार्यांनी हातातला बोरू पुसला आणि तिच्या डाव्या हातात दिला. मुलगी जागेवर जाऊन बसली, कागद सारखा केला आणि लिहू लागली. आई दारातच उभी राहिली होती. तिच्या कमरेला ती हात बांधायची चिंधी खोचलेली होती. तिने ती काढली, पीठ लागलेले हात तिला पुसले आणि आत गेली.

मुलांना शंभर वेळा लिहायला जरूर लावावे, फक्त त्याआधी त्यांच्या हातातल्या बोरूने आपण एक ओळ लिहून पाहावी.