फौजदाराचा शेवटचा भाग

एका गावात एक भोळा मेहुणा होता. गावाचं नाव बोरखडी, मेहुण्याचं नाव मल्हारी. चाळिशीला आला होता, पण अक्कल अजून वाटेतच होती. सांगाल ते ऐकायचा. नुसतं ऐकायचा नाही हो, करायचा! हीच तर सगळी पंचाईत.

त्याची बहीण सुभद्रा, म्हणजे अक्का, याच गावात दिलेली. तिचा नवरा रंगनाथ, म्हणजे मल्हारीचे दाजी. दाजींचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, आणि ओठावर ही एवढी मिशी. मिशी फौजदाराची होती.

आता हा फौजदार कोण, ते ऐका. तीसेक वर्षांपूर्वी टीव्हीवर एक इंग्रजी मालिका मराठीत बोलायची. नाव, 'कोरड्या नदीचं गाव'. घोडे, पिस्तुलं, धूळ, दारूचा गुत्ता आणि त्या सगळ्यांना पुरून उरणारा एक मिशाळ फौजदार. जगभर बक्षिसं मिळालेली मालिका. अख्खी बोरखडी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये जमिनीवर बसून ती बघायची. शेवटच्या भागात फौजदार एकटा रस्त्यात उभा राहिला. समोर सात दरोडेखोर. त्यानं पिस्तुलाला हात घातला, बोलायला तोंड उघडलं, आणि फट्! लाईट गेली.

हॉलमागच्या विजेच्या डीपीतला फ्यूज जळाला होता. वायरमन तो घेऊन एसटीनं तालुक्याला गेला. लाईट आली तिसऱ्या दिवशी.

फौजदार जगला की मेला? दाजी म्हणायचे, जगला. त्यांचा दोस्त हुसेनभाई शिंपी म्हणायचा, मेला. तेव्हापासून दोघांचा वाद. पुढं मोबाइल आले, सगळं बोटावर दिसायला लागलं, पण दोघांनी शपथ घेतली होती. बघायचा तर सगळ्या गावानं मिळून, त्याच हॉलमध्ये. गावातल्या पोरांनाही दम भरला होता, कुणी शेवट फोडला तर त्याचा मोबाइल दुरुस्त होणार नाही.

मग दाजींनी पॉडकास्ट काढला. दर आठवड्याला एक भाग पुन्हा बघायचा आणि त्यावर दोघांनी माईकसमोर गप्पा मारायच्या. सुरुवात ठरलेली. दाजी त्या लाईट गेलेल्या संध्याकाळची गोष्ट सांगायचे, फ्यूजपासून तिसऱ्या दिवसापर्यंत. मल्हारीला ती पाठ झाली होती.

कारण रेकॉर्डिंगवर नजर ठेवायचं काम मल्हारीकडं होतं. अक्काचा आग्रह. "माझ्या भावाला काहीतरी काम द्या," म्हणाली. दाजींनी दिलं.

"तांबडा दिवा लागला की तोंड उघडायचं नाही," दाजी म्हणाले. "काही होवो!"

मल्हारी म्हणाला, "बरं दाजी."

तांबडा दिवा लागला. गप्पा रंगात आल्या. दोघंही डोळे मिटून बोलत होते. मागून अक्काची शेळी आत आली. तिनं माईकची स्पंजची टोपी हुंगली. मग खाल्ली. मग वायर चघळत बसली. मल्हारी तोंडावर हात ठेवून बघत होता.

रात्री दाजींनी ऐकलं तर काय, "फौजदार गावात शिरतो," आणि पुढं तासभर कचर कचर कचर.

"मल्हाऱ्या! शेळी दिसली नाही तुला?"

"दिसली की! चांगली दिसली."

"मग बोलला का नाहीस?"

"दिवा तांबडा होता, दाजी."

दाजींनी कपाळाला हात लावला. "अरे देवा! काही विपरीत दिसलं, की लगेच ओरडून सांगायचं. थांबायचं नाही!"

मल्हारी म्हणाला, "बरं दाजी."

तसा तो भाग फुकट गेला नाही म्हणा. घोड्याच्या चरण्याचा आवाज काय झकास घेतलाय, असं चार जणांनी कळवलं.

पुढच्या आठवड्यात मल्हारीनं पुढचा भाग आधीच संगणकात टाकून ठेवला. टाकताना थोडा बघितला. त्यात त्याला विपरीत दिसलं. इकडं हुसेनभाई माईकसमोर गुत्त्याच्या मालकिणीचं कौतुक करत होता. लहानपणापासून त्याचा जीव जडला होता तिच्यावर. "काय ती चाल, काय तो घागरा! शिलाई तर अशी..."

"चाचा!" मल्हारी ओरडला. "ती पुढच्या भागात मरतेय! विहिरीत पडून!"

हुसेनभाईचा चेहरा पडला. तो तर विसरूनच गेला होता ते. डोळे पुसत उठला तो थेट घरी गेला, आणि त्या दिवशी त्यानं एकही टाका घातला नाही.

दाजी खवळले. "गाढवा, पुढं काय होणार हे कुणाला कधी सांगायचं असतं का? बघणाऱ्याची सगळी मजा जाते! जीव गेला तरी सांगायचं नाही!"

मल्हारी म्हणाला, "बरं दाजी."

आठ दिवसांनी दाजी मिशीला पीळ देत रेकॉर्डिंगला आले. खुर्चीचा मागचा पाय सकाळीच मोडला होता. मल्हारीनं तो नुसता टेकवून ठेवला होता. दाजी खुर्चीकडं निघाले. मल्हारी गालात हसला. दाजी वळले. मल्हारीनं श्वास रोखला. दाजी बसले.

धाडकन आवाज झाला. हाडवैद्य बोलवावा लागला.

"मोडलीय हे ठाऊक होतं तुला?" दाजी कण्हत म्हणाले.

"होतं की. कधीचं होतं!"

"मग सांगायला काय झालं होतं मेल्या?"

"तुमची मजा गेली असती, दाजी."

अक्का म्हणाली, "अहो, भोळा आहे तो." दाजींनी नुसता हात झाडला. बोललं की कंबरेत कळ यायची.

खाटेवर पडल्या पडल्याच दाजींना एक फोन आला, आणि ते कंबर विसरून उठून बसले. शेवटच्या भागाचा मराठी आवाज कुठंच मिळत नव्हता. चित्र होतं, पण बोलणं सगळं इंग्रजी. म्हणून दाजींनी माग काढत काढत फौजदाराचा मराठी आवाज ज्यांनी दिला होता ते दिगंबरपंत गाठले होते. फोन त्यांचाच. पंत थकले होते. डॉक्टरांनी घसा जपायला सांगितला होता. तरी म्हणाले, येतो. एकदाच बोलेन, शेवटचं एकच वाक्य. मुक्काम एकच, पहाटेच्या गाडीनं मुंबई आणि तिथून विमानानं लेकीकडं, कायमचं.

दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मल्हारीला जवळ बोलावलं. या वेळी रागावले नाहीत, मायेनं बोलले.

"मल्हारी, नीट ऐक. हे सगळं पुन्हा बघायचं म्हणजे काय? तेव्हा जसं बघितलं, अगदी तसंच. तोच हॉल, तीच माणसं, तीच वेळ. जरासुद्धा फरक पडता कामा नये. सगळी तयारी तुझ्याकडं. जमेल ना?"

मल्हारी म्हणाला, "बरं दाजी."

आणि खरं सांगू? त्यानं कामाला वाहून घेतलं. सरपंचांनी मागवलेल्या खुर्च्या परत पाठवल्या, कारण तेव्हा सगळे जमिनीवर बसले होते. भिंतीवरचे पंखे बंद केले, कारण तेव्हा पंखे नव्हते. आणि सरपंच सर्जेराव आले, तर त्यांना दारातच अडवलं.

"तुम्ही तिकडं बसायचं. हौसाआजीच्या मांडीवर."

"काय?" सरपंच म्हणाले.

"तेव्हा तुम्ही आईच्या मांडीवर बसला होता. दाजी दर भागात सांगतात."

सरपंचांचं वजन शंभराच्या आसपास. हौसाआजीला ऐकू कमी येतं. तिनं मांडी थोपटली आणि म्हणाली, "ये रे बाळा." आता सगळ्या गावासमोर आईला नाही कसं म्हणणार? सरपंच टेकले. हॉलमध्ये असा काही हशा पिकला की दिगंबरपंतसुद्धा हसले.

दाजी काठी टेकत आत आले. जमिनीवर बसलेला गाव बघितला. मांडीवरचा सरपंच बघितला. त्यांचा ऊर भरून आला.

"शाब्बास मल्हारी!" दाजी म्हणाले. "अगदी तेव्हासारखं!"

मल्हारीला आजवर कुणी शाब्बास म्हटलं नव्हतं. तो लाजला. "अजून थोडं राहिलंय, दाजी," म्हणाला, आणि मागच्या दारानं बाहेर गेला.

पडद्यावर चित्र सुरू झालं. तांबडा दिवा लागला. हुसेनभाईनं दाजींचा हात घट्ट धरला. फौजदार रस्त्यात आला. धूळ उडाली. समोर सात दरोडेखोर. दिगंबरपंत माईकपाशी सरकले. फौजदारानं पिस्तुलाला हात घातला. फौजदारानं तोंड उघडलं. पंतांनी तोंड उघडलं.

फट्! अंधार.

पडदा गेला, माईक गेला, तांबडा दिवासुद्धा गेला. लोक अंधारात चाचपडायला लागले. मग हौसाआजी म्हणाली, "अगं बाई, अगदी तस्संच हो!"

दाजींनी मात्र धीर सोडला नाही. "पंत," ते कळवळून म्हणाले, "चित्र राहू दे. रेकॉर्डिंग राहू दे. तुम्ही नुसतं वाक्य म्हणा. तीस वर्षं थांबलोय हो!"

"म्हणतो," अंधारातून पंतांचा तो फौजदारी आवाज आला. अंगावर काटा आला सगळ्यांच्या. "फौजदार म्हणतो, अरे..."

पुढं नुसतंच "ऊं ऊं ऊं" ऐकू आलं.

कुणीतरी बॅटरी लावली. मल्हारी पंतांच्या मागं उभा होता. पंतांच्या तोंडावर त्याचा पंजा होता, आणि हाताला कोपरापर्यंत डीपीचं काळं ग्रीस.

"पुढं काय होणार ते सांगायचं नसतं, पंत," तो समजावत होता. "सगळ्यांची मजा जाते."

चौघांनी मिळून त्याला ओढला. पण ग्रीस घशात गेलं ते गेलंच. पंत खोकले, खाकरले, दोन तांबे पाणी प्यायले. आवाज काही फुटेना. वैतागून त्यांनी हातानंच काहीतरी खूण केली. दाजी म्हणाले, जगला म्हणतायत. हुसेनभाई म्हणाला, मेला म्हणतायत.

दाजी मल्हारीकडं वळले. "डीपीतला फ्यूज तू काढलास?"

"हो दाजी. तेव्हा इथंच गेली होती ना लाईट? बरोबर तोंड उघडल्यावर काढला. खिडकीतून बघूनच काढला."

"आण तो! पळ! लाव परत, पंत पहाटे निघायच्या आत मला शेवट बघू दे!"

"आता कुठनं आणू?" मल्हारी म्हणाला. "हॉलसमोरच एसटी उभी होती, कंडक्टरकडं दिला. तालुक्याला गेला."

"तालुक्याला कशाला धाडलास रे, नतद्रष्टा!"

"तेव्हा तिकडंच गेला होता ना," मल्हारी म्हणाला. "काळजी करू नका, दाजी. तिसऱ्या दिवशी येतोय."