शेंदरी पिल्लांची मरळ

फार फार वर्षांपूर्वी एका मोठ्या तळ्याच्या काठी भोयांची वस्ती होती. तळ्यात मासे नाना तऱ्हेचे, पण दरारा एकट्या मरळीचा. सापासारखं तोंड, हातभर लांब अंग. बेडूक दिसला की पाणी फोडून झेपच घ्यायची.

त्या वस्तीत एक तरुण पोर होती. पानावरून बेडकी उडाली तरी ती दचकायची, म्हणून सगळे तिला ‘दचकी’च म्हणत. गळ टाकण्यात मात्र ती भल्याभल्यांना भारी होती. तिला एकच काळजी कुरतडायची. नवं पाणी आलं की मरळी पलीकडच्या लव्हाळ्यात पिल्लं घालतात आणि लोक नेमकी तिथंच जाळी टाकतात. दरवर्षी मरळी कमी होत चालल्या होत्या. दचकी सांगायला जायची, पण चार माणसं दिसली की आवाज घशातच अडकायचा.

तळ्याचा कारभार एका म्हाताऱ्या तळराख्याकडे होता. जाळं कुठं टाकायचं, कुठं नाही, हे तो ठरवी आणि सगळे ऐकत. एका सकाळी त्यानं वस्तीला घाटावर बोलावलं.

“माझे गुडघे गेले आता,” तो म्हणाला. “नवा राखा हवा. नेम आपला जुनाच. गळाचा उलटा काटा दगडानं ठेचून सपाट करा, म्हणजे तोंड न फाडता गळ निघेल. दिवस मावळायच्या आत मोठ्यात मोठी मरळ धरा, इथं घाटावर दाखवा आणि जिवंत सोडा. तिसऱ्या दिवशी मी पाणी बघेन, मग ठरवेन.”

वस्तीतला सगळ्यांत धिप्पाड गडी हसला. “आबा, एवढा खटाटोप कशाला? मीच होणार की! आणि मी राखा झालो ना, तर लव्हाळ्यात आज एक जाळं पडतंय तिथं चार पडतील!”

ते ऐकून दचकी पुढे झाली. तिनंही गळ उचलला.

मासा निसटू नये म्हणून सगळ्यांनी हाताला चुलीतली राख चोळली. तशी तिथली रीतच होती.

“राख नको,” दचकी हळूच म्हणाली. “राखेच्या हातानं धरलं की अंगावरची बुळबुळ जाते. मी रांजणात मासे ठेवून पाहिलंय. पांढरे डाग पडतात आणि...”

“काय पुटपुटतेस गं?” गडी म्हणाला. “राख नको तर काय, हळद लावू?”

सगळे हसले. दचकी तराफा घेऊन निघाली.

लव्हाळ्यापाशी तिनं गळाला बेडकी लावली आणि सोडली. पाणी असं काही फुटलं की ती किंचाळली, पण दोरा सोडला नाही. मरळ खाली ओढी तेव्हा ती दोरा ढिला सोडी, मरळ थकली की हळूहळू जवळ घेई. अखेर मरळ तराफ्याला लागली. पाहते तर काय, एवढी मोठी मरळ तिनं जन्मात पाहिली नव्हती!

‘झालंच!’ तिला वाटलं. ‘आता घाटावर नेली की मीच राखीण. मग लव्हाळ्यात कुणाचं जाळं येतंय बघू!’

तेवढ्यात तिची नजर पाण्यावर गेली. तिथं शेंदराचा सडा पडावा तशी बारीक बारीक पिल्लं वळवळत होती. मरळीची पिल्लं! म्हणजे मरळ भुकेनं झेपावली नव्हती. ती राखण करत होती. आणि ती बाजूला होताच शिंगट्या माशांची एक टोळी पिल्लांवर तुटून पडली होती.

घाट पार पलीकडे. जाऊन येईपर्यंत एक पिल्लू उरलं नसतं. न न्यावी तर तळ्याची राखण गेली, आणि लव्हाळंही गेलं. दचकीचे डोळे भरून आले.

तिनं हात पाण्यात भिजवले. मरळीला पाण्याबाहेर न काढताच गळ अलगद सोडवला. मग कल्ल्यांना न धरता पोटाखाली हात देऊन तिला पाण्यातच तोलून धरलं. हात थरथरत होते, तरी ती थांबून राहिली. हळूहळू मरळीचे कल्ले नीट हलू लागले, शेपटीत जोर आला आणि ती आपली आपण निघाली. पुढच्याच क्षणी शिंगट्या वाट फुटेल तिकडे पळाल्या.

घाटावर धिप्पाड गडी कल्ल्यांत बोटं घालून आपली मरळ उंच धरून उभा होता. लोकांनी ती वीत-वीत मोजली, वाहवा केली. मग त्यानं ती धपकन पाण्यात फेकली.

“तुझी कुठाय गं?” तळराख्यानं विचारलं.

“धरली होती, आबा. याच्यापेक्षा मोठी. लव्हाळ्यातच सोडली.”

“दचकून सुटली म्हण की!” कुणीतरी ओरडलं.

“दचकले, खरंय,” ती म्हणाली. “पण सोडली मी मुद्दाम. पिल्लं होती हो.”

“तिसऱ्या दिवशी बघू,” तळराखा म्हणाला.

तिसऱ्या दिवशी सगळे घाटावर जमले. पायऱ्यांपाशी गड्याची मरळ पोट वर करून तरंगत होती. अंगावर राखेच्या बोटांचे पांढरे डाग उठले होते. मग तळराखा होडीत बसून लव्हाळ्याकडे गेला. मागोमाग सगळ्या होड्या. शेंदरी पिल्लांचा घोळका दिसताच त्यानं वल्हं जवळ नेलं. सण्णकन एक भली थोरली मरळ त्या वल्ह्यावर आली. तिच्या ओठावर गळाची ताजी खूण होती.

म्हातारा होडीतच बसकण मारून हसू लागला. “आई गं! मलाच दचकवलं की हिनं!”

“पण तिनं घाटावर कुठं दाखवली?” धिप्पाड गडी कुरकुरला. “नेम मोडला!”

“दाखवायचं असतं ते तुमच्या टाळ्यांसाठी, बाबा. नेमाचा जीव जिवंत सोडण्यात आहे. बोल पोरी, आता तू राखीण. पहिला हुकूम काय?”

दचकी हळूच म्हणाली, “पिल्लं मोठी होईस्तोवर... लव्हाळ्यात जाळं नाही.”

“ऐकू नाही आलं!” मागच्या होडीतून आवाज आला.

तिनं पुन्हा सांगितलं. आवाज कापतच होता, पण या खेपेला शेवटच्या होडीपर्यंत पोचला. कुणी हसलं नाही. धिप्पाड गडी होडी घेऊन पुढे आला. मग वाकला, लव्हाळ्यात लावलेलं आपलं जाळं हात-हात ओढून त्यानं होडीत घेतलं.

तात्पर्य, मुलांनो, एवढंच: धरण्यात जोर लागतो, पण जगेल असं सोडण्यात त्याहून मोठी ताकद लागते, आणि ती ताकद थरथरत्या हातांतही असू शकते.