तात्याच्या घरची आढी

रानात पैसा खेळू लागला आणि बाजार भरू लागला, तेव्हाची ही गोष्ट. पूर्वी वानरं आंबे गवताच्या आढीत घालून आठ दिवस थांबायची. म्हाताऱ्या तात्या वानराने पावडरीच्या पुड्या आणल्या आणि एका दिवसात आंबे पिवळेधमक करून बाजारात विकायला मांडले. बाकीच्या म्हाताऱ्यांना त्याने बसायला वरच्या फांद्या दिल्या. त्या बदल्यात त्यांनी पावडरीबद्दल तोंड उघडलं नाही.

रंगी वानरीच्या पिल्लाने तो आंबा खाल्ला आणि त्याचं तोंड फोडांनी भरलं. ती तडक बाजारात आली.

"तात्या, माझ्या पिल्लाला दूधसुद्धा गिळवत नाही!"

"अगं, प्रगती म्हटली की थोडं सोसावं लागतं. कालची पोरं तुम्ही, तुम्हाला काय कळतंय?"

रंगीने ढिगातला एक आंबा उचलला आणि तात्याच्या नातवाला दिला. "खा रे बाळा, आजोबांचाच आहे."

नातू चावणार, तोच तात्याने झडप घालून आंबा हिसकावला. "टाक तो! आपल्यासाठी घरी आढी लावलीय ना!"

मग एकेक आई पुढे आली आणि हातातला आंबा तात्याच्या आणि वरच्या फांद्यांवरच्या प्रत्येक म्हाताऱ्याच्या तोंडासमोर धरून म्हणाली, "खा."