आसागीचं शेवटचं पाऊल

फार वर्षांपूर्वी, जपानच्या राजधानीपलीकडं डोंगराच्या कुशीत मिझुहारा नावाचं गाव होतं. गावाला ओढा एकच. त्याच्यावर भातखाचरं आणि भातखाचरांवर सगळ्यांचं पोट.

त्या गावची आसागी राजधानीत एका बड्या सरदाराच्या दरबारात नर्तकी होती. तेव्हा नर्तकी पुरुषी वेशात नाचत. अंगात पांढरा झगा, डोक्यावर उंच काळी टोपी, कमरेला तलवार. आणि रिवाज असा, की नर्तकीचं शेवटचं पाऊल जमिनीवर वाजेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही, खुद्द सरदारानंही नाही.

एका वर्षी सरदाराला बागेत तळं हवंसं वाटलं. मोठ्यांची हौस, तिला कोण अडवणार? बांध घालून गावाचा ओढा वळवला आणि तळ्यात सोडला. गावातली भाताची रोपं पिवळी पडली. तेव्हा आसागीची आई चालत राजधानीत आली.

"पोरी, यंदा भात होत नाही," ती म्हणाली. "तुझ्या शब्दाला इथं काही किंमत आहे का गं?"

"शब्दाला नाही, आई. नाचाला आहे."

तळ्याच्या उत्सवात आसागी नाचली. शेवटचं पाऊल तिनं उचललं आणि तसंच अधांतरी धरलं. सरदार आधी हसला. मग त्याला जांभई आली, मग त्याचे पाय अवघडले. पण रिवाज त्याच्याच आजोबांनी घातलेला, मोडतो कसा? सूर्य मावळला, पुन्हा उगवला. असं म्हणतात, बगळ्यांनी तिला आपल्यातलीच समजून शेजारी उतरायला सुरुवात केली.

"पाय टेक," शेवटी सरदार म्हणाला.

"ओढा सोडा, टेकते."

"ओढा जाईल. तू मात्र जन्मात या बागेबाहेर जाणार नाहीस."

आसागीला आईचं घर आठवलं. तिला फार वाईट वाटलं, तरी तिनं होकाराची मान हलवली. सरदारानं बागेबाहेरच्या माणसांना हाक देऊन बांध फोडवला आणि पाणी गावाकडं धावलं, तेव्हाच तिनं पाऊल टेकलं. असं म्हणतात, तो आवाज पाण्याबरोबर गावात पोचला आणि आई दाराशी आली. ओढा आला होता. आसागी कधीच आली नाही.

अजून मिझुहारात भातलावणीआधी एक मुलगी काळी टोपी घालून ओढ्याकाठी नाचते. शेवटचं पाऊल उचलते, पण तिथं टेकवत नाही. बाया तिला तशीच उचलून आसागीच्या आईच्या जुन्या घराकडं नेतात. वाटेत कुणी बोलत नाही. उंबऱ्याशी तिला उतरवतात, आणि मग ते पाऊल घरात पडतं.