न तासलेलं दार

इंग्रजी आलं की सगळं आलं, अशी मुख्याध्यापक धारवाडकरांची ठाम समजूत होती. त्यांच्या शाळेत सुतारकाम शिकवायला माणूस हवा होता, म्हणून चाळीस वर्षं रंधा चालवलेला बाबल मेस्त्री मुलाखतीला आला. धारवाडकरांनी त्याला बसा असंही म्हटलं नाही. सरळ फळ्यावर पाच इंग्रजी शब्द लिहिले: चॉप, स्लाइस, ट्रिम, कार्व्ह, शेव्ह.

"कापण्याच्या या पाच तऱ्हा. यांतला फरक सांगा."

मेस्त्रीने मान हलवली. "नाही सांगता यायचा, साहेब."

"मग मुलांना काय शिकवणार? या आता. जाताना दार ओढून घ्या. खाली घासतं ते. उद्या तासूनच घेतो."

मेस्त्री दाराशी थांबला. त्याने वर पाहिलं, पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला आणि दार पायाने जरा उचलून धरत वरच्या बिजागरीचे ढिले स्क्रू आवळले. मग एका बोटाने दार ढकललं. ते अलगद लागलं.

धारवाडकर उठून उभे राहिले. "यातली कुठली तऱ्हा वापरलीत?"

"एकही नाही, साहेब. दार वाढलं नव्हतं, खाली उतरलं होतं. तासलेलं लाकूड परत चिकटत नाही, म्हणून हत्यार केव्हा उचलायचं नाही, हे मी मुलांना पहिलं शिकवेन. त्याला इंग्रजीत शब्द असेल तर तोही फळ्यावर लिहा. तेवढा मी पाठ करतो."

धारवाडकरांनी खडू उचलला, क्षणभर तसाच धरला आणि खाली ठेवला.

"बसा, मेस्त्री," ते म्हणाले.