गैरहजर तिघे

एकदा एक शिक्षक आपल्या वृद्ध गुरुजींच्या घरी पेढे घेऊन गेला. शिक्षकाचे नाव विश्वंभर. एका लहानशा गावच्या शाळेत तो सातवीचा वर्ग शिकवत असे. गुरुजी शेजारच्या तालुक्यात राहत. निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षे झाली होती, पण विश्वंभरला काही आनंदाचे सांगायचे असले की पहिले तेच आठवत.

आनंदाचे कारणही तसेच होते. जिल्ह्यातल्या सर्व शाळांत सातवीची एक चाचणी एकाच दिवशी, एकाच प्रश्नपत्रिकेवर होत असे. मागच्या वर्षी विश्वंभरची शाळा तालुक्यात एकेचाळिसावी आली होती. केंद्रप्रमुखांनी भर बैठकीत त्याला उभे केले होते आणि विचारले होते, "सर, तुम्ही वर्गात नेमके करता काय?" तो प्रश्न वर्षभर त्याच्या उरात सलत राहिला. या वर्षी मात्र त्याची शाळा तालुक्यात पहिली आली. सरासरी गुण शेकडा चौऱ्याऐंशी. ग्रामस्थांनी सत्कार ठरवला होता आणि प्रमुख पाहुणे म्हणून गुरुजींनी यावे, अशी विनंती घेऊन तो आला होता.

गुरुजींनी पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही. निकालपत्रक डोळ्यांजवळ धरून ते सावकाश वाचू लागले.

"वर्गाच्या पटावर मुले किती?"

"एकवीस, गुरुजी."

"इथे तर अठराच नावे आहेत."

"तिघे त्या दिवशी गैरहजर होते."

"आजारी होते का?"

"हो. म्हणजे… पोट दुखत होते त्यांचे."

गुरुजींनी पत्रकाची नीट घडी घातली. "मी येईन," ते म्हणाले, "पण एक दिवस आधी येईन. मला तुझा वर्ग पाहायचा आहे."

सत्काराच्या आदल्या दिवशी दुपारी गुरुजी शाळेत पोचले. त्यांनी वर्गात मुलांशी गप्पा मारल्या, मुलांनी गायलेली कविता ऐकली, एकदोघांच्या वह्या चाळल्या. शाळा सुटायच्या सुमारास ते विश्वंभरला म्हणाले, "पाकिटात एकवीस प्रश्नपत्रिका आल्या असतील. त्यातल्या तीन उरल्या. कुठे आहेत त्या?"

"कपाटात असतील."

"घेऊन ये. आणि त्या तिघांना थांबायला सांग."

गुरुजींचा शब्द मोडण्याची सवय विश्वंभरला कधीच नव्हती. तो कपाटाशी गेला. वर्ग रिकामा झाला आणि मंजुळा, गोरख व फिरोज असे तिघे पुढच्या बाकावर येऊन बसले. गुरुजींनी आधी गोरखला विचारले, "बाळ, चाचणीच्या दिवशी तू का आला नाहीस?"

"पोट दुखत होतं."

फिरोजला विचारले. तो म्हणाला, "पोट दुखत होतं."

मंजुळेने एकवार विश्वंभरकडे पाहिले, मग जमिनीकडे पाहिले आणि म्हणाली, "पोट दुखत होतं."

गुरुजींनी तिघांपुढे प्रश्नपत्रिका ठेवल्या आणि म्हणाले, "घाई नाही. येईल ते लिहा. येणार नाही तिथे जसे सुचेल तसे लिहा, पण कोरे सोडू नका." मुले लिहू लागली. विश्वंभर खिडकीशी उभा राहिला. आत जे चालले होते ते त्याला पाहवत नव्हते आणि तिथून निघून जाण्याचे धैर्यही त्याच्यात नव्हते.

दीड तासाने मुले घरी गेली. गुरुजींनी तिन्ही उत्तरपत्रिका तपासल्या. गोरखला शेकडा वीस गुण मिळाले, मंजुळेला चोवीस आणि फिरोजला अठ्ठावीस.

विश्वंभर हलक्या आवाजात म्हणाला, "मला ठाऊकच होते, गुरुजी. म्हणून तर…" आणि वाक्य तिथेच तुटले.

"म्हणून तर काय?"

मग विश्वंभरने सगळे सांगितले. चाचणीच्या आदल्या दिवशी त्यानेच तिघांना बाजूला बोलावले होते. "उद्या तुम्ही येऊ नका. कोणी विचारले, तर पोट दुखत होते म्हणा," असे सांगितले होते. "आपल्या शाळेसाठी एवढे करा," असेही म्हणाला होता. मुलांनी नुसती मान हलवली होती.

"या मुलांच्या डोक्यात काही राहतच नाही, गुरुजी," तो पुढे म्हणाला. "किती वेळा शिकवले तरी दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. मी काय करणार होतो?"

"काही राहत नाही, असे कसे म्हणतोस?" गुरुजी शांतपणे म्हणाले. "दोन महिन्यांपूर्वी तू त्यांना तीन शब्द सांगितलेस. आज तिघांनीही ते जसेच्या तसे म्हणून दाखवले."

विश्वंभरची मान खाली गेली.

मग गुरुजींनी एक चमत्कारिक गोष्ट केली. त्यांनी मंजुळेची उत्तरपत्रिका पुन्हा उघडली आणि लाल पेनाने प्रत्येक चुकीपुढे एकच शब्द लिहीत गेले. पाण्याच्या टाकीच्या उदाहरणापुढे लिहिले, 'तिसरी'. नफ्या-तोट्याच्या उदाहरणापुढे 'तिसरी'. दोन भावांच्या वयांच्या उदाहरणापुढेही 'तिसरी'. अशा सात ठिकाणी तोच शब्द लिहून त्यांनी कागद विश्वंभरच्या हाती दिला.

"ही चाचणी सातवीची आहे, गुरुजी," विश्वंभर गोंधळून म्हणाला. "तिसरी कशासाठी?"

"टाकीचे उदाहरण पाहा. चारशे दोन लिटर पाणी होते, त्यातले एकशे अठ्ठ्याहत्तर वापरले. उरले किती? तिने वजाबाकीच मांडली आहे, म्हणजे काय करायचे ते तिला कळले. पण उत्तर लिहिले आहे तीनशे शहात्तर. का, ते सांग."

विश्वंभरने आकड्यांवरून बोट फिरवून पाहिले. दोनमधून आठ जात नाहीत, म्हणून पोरीने आठमधून दोन वजा केले होते. शून्यातून सात जात नाहीत, म्हणून सातच ठेवले होते. हातचा घ्यायचा असतो, हे तिला आलेच नव्हते. नफा-तोट्यातही तेच. वयांच्या उदाहरणातही तेच. एकच चूक सात जागी झाली होती आणि सातही जागी तिचे गुण गेले होते.

गुरुजी म्हणाले, "ही मुलगी सातवीत मागे पडलेली नाही. ती तिसरीतल्या एका वजाबाकीपाशी थांबली आहे. चार वर्षे झाली, कुणी मागे वळून पाहिले नाही. चाचणी घेतात ती हे कळावे म्हणून. आपली पोरे कुठे थांबली आहेत, तेवढे ती सांगते, आणि तेच सांगणाऱ्या तिघांना तू घरी बसवलेस. अठरा मुलांनी तुझे कौतुक केले, विश्वंभर. या तिघांनी तुझे काम तुला दाखवले असते."

मग त्यांनी निकालपत्रकावर अठरा नावांखाली तीन नावे लिहिली, गुण मांडले आणि नवी सरासरी काढली. ती पंचाहत्तर आली. तालुक्याच्या यादीत पाहिले, तर तेवढ्या गुणांवर शाळा नववी ठरत होती. "उद्या काय करायचे ते तू ठरव," एवढेच बोलून ते उठले.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात सतरंज्या अंथरल्या होत्या. केंद्रप्रमुख आले होते, सरपंच आले होते, गावातली माणसे जमली होती. शाल आणि श्रीफळ तबकात होते. विश्वंभरला दोन शब्द बोलायला सांगितले, तेव्हा त्याने हातातला भाषणाचा कागद खिशात ठेवला.

"हा सत्कार मला घेता येणार नाही," तो म्हणाला. "चाचणीच्या दिवशी तीन मुले आजारी नव्हती. मीच त्यांना येऊ नका म्हणून सांगितले होते. आपला पहिला नंबर खरा नाही. मुलांनी काहीही लबाडी केलेली नाही. लबाडी माझी आहे."

केंद्रप्रमुखांचा चेहरा उतरला. त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. सरपंचांनी तबकाकडे पाहिले आणि नजर वळवली. विश्वंभरला वाटले, आता जे व्हायचे ते होऊन गेले. सगळ्यांत अवघड ते आपण बोललो.

तेवढ्यात मागून एक बाई उठली. ती मंजुळेची आई, कौसल्या. शाळेत मुलांची खिचडी तीच शिजवत असे.

"सर," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "त्या दिवशी मी हितंच चुलीपाशी होते. पोरगी वर्गात दिसली न्हाई. दुपारी घरी जाऊन इचारलं, तर म्हणाली, पोट दुखतंय. सकाळी दोन भाकरी खाल्लेल्या तिनं. मला वाटलं, पोरगी शाळा बुडवायला शिकली. मी तिला मारलं, सर. लई मारलं." मग म्हणाली, "तिनं तुमचं नाव न्हाई घेतलं."

एवढे बोलून ती खाली बसली. विश्वंभर उभाच राहिला. वर्षभरापूर्वी बैठकीत चारचौघांत झालेला अपमान त्याला मोठा वाटला होता. आज त्याला समजले की तो अपमान होता, लाज नव्हती. लाज ही होती.

संध्याकाळी तो गुरुजींना बसथांब्यापर्यंत सोडायला गेला. केंद्रप्रमुखांनी लेखी खुलासा मागितला होता. पुढे चौकशी होणार, हेही सांगितले होते. बस दूरवर दिसू लागली, तेव्हा त्याने विचारले, "गुरुजी, मी सगळे कबूल केले. तरीही मन हलके होत नाही. असे का?"

"कबुलीने तुझे ओझे उतरावे, अशी तुझी अपेक्षा होती," गुरुजी म्हणाले. "पण ते ओझे तू एकटा वाहत नव्हतास. बारा वर्षांची एक मुलगी दोन महिने ते वाहत होती. तिचे उतरेल, तेव्हा तुझेही उतरेल. लाज वाटते आहे, तर वाटू दे. तिला घाईने घालवू नकोस. अंथरुणात तोंड लपवून मात्र बसू नकोस. ती लाज घेऊनच वर्गात जा."

बस आली. गुरुजी चढले आणि खिडकीतून हात हलवून गेले.

दुसऱ्या दिवशी विश्वंभर शाळा भरण्याच्या तासभर आधी आला. तिघांना त्याने तसा निरोप धाडला होता. येतील की नाही, याची त्याला खात्री नव्हती. पण तिघेही आले. तो टेबलामागे गेला नाही, त्यांच्याच बाकावर बसला.

"मी तुम्हाला खोटे बोलायला लावले," तो म्हणाला. "तुमच्यामुळे शाळेचे नाव जाईल, असे मला वाटले होते. ते माझ्यामुळे गेले. माझे चुकले."

मोठ्या माणसाने असे आपल्याजवळ येऊन बोलावे, हे मुलांच्या ओळखीचे नव्हते. गोरख बाकाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला.

मग विश्वंभरने काड्यांच्या जुड्या बाहेर काढल्या. दहा दहा काड्या दोऱ्याने बांधलेल्या. एककाकडे काड्या कमी पडल्या की शेजारची जुडी कशी सोडायची, हे तो सावकाश दाखवू लागला. सातवीच्या मुलांना तिसरीचे शिकवताना त्याचा आवाज मध्येच अडखळत होता. मंजुळेने एक जुडी स्वतः सोडली, काड्या मोजल्या, बाविसातून आठ काढून घेतल्या आणि पाटीवर उत्तर लिहिले. चौदा. ती बराच वेळ त्या उत्तराकडे पाहत राहिली.

मग मान वर न करताच तिने विचारले, "सर, पुढच्या चाचणीला आम्ही यायचं का?"

खडू शोधण्याच्या निमित्ताने विश्वंभर उठला आणि थोडा वेळ फळ्याकडे तोंड करून उभा राहिला. मग वळून म्हणाला, "यायचं. किती येतं, किती नाही, ते सगळं कागदावर लिहायचं. ते वाचायचं काम माझं आहे."