केरबाचं बंगाली जेवण

हुपरीच्या अलीकडे एका खेड्यात केरबा नावाचा एक भोळा माणूस राहायचा. गुऱ्हाळावर चुलवाणात जाळ घालायचं त्याचं काम. एकदा मालक म्हणाले, "मी येईपर्यंत जाळ घालत राहा." आणि मालक गेले सासुरवाडीला. दुसऱ्या दिवशी परत आले तेव्हा काहिलीत गुळाचा कोळसा झाला होता आणि केरबा जाळ घालत होता.

तसा तो मनाने वाईट नव्हता. फक्त त्याला काही सांगताना जपून सांगावं लागायचं.

त्याची मुलगी वनिता चांदीच्या एका कारखान्यात कामाला होती. तिथल्याच तापस नावाच्या कारागिराशी तिचं जमलं. तापसचे वडील निमाईबाबू पंचवीस वर्षांपूर्वी बंगालमधून सोनारकामाला आले आणि इथलेच झाले. मराठी बोलायचे, मिसळ खायचे. पण मुलाच्या लग्नाचं बोलणं आपल्या जेवणावर व्हावं अशी त्यांची फार इच्छा. नेमका कोल्हापुरातल्या एका हॉटेलात बंगाली खाद्यमहोत्सव लागला होता. त्यांनी दोन्ही घरांसाठी टेबल धरलं.

निघताना केरबाच्या बायकोने, हौसाने, त्याला बजावलं, "अहो, पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे. तिथं आपलं डोकं चालवू नका. पुढ्यात येईल ते मुकाट्यानं खायचं."

"येईल ते," केरबा म्हणाला.

आधी पातुरी आली. म्हणजे मोहरी लावलेला मासा, केळीच्या पानात गुंडाळून दोऱ्याने बांधून वाफवलेला. केरबाने तो उचलला आणि पानासकट चावायला लागला. पान चिवट होतं. दोरा त्याहून चिवट होता. केरबा मुकाट्याने चावत राहिला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"मोहरी लागली वाटतं," तापसची आई शेफालीताई काळजीने म्हणाल्या.

वनिताने बघितलं आणि कपाळाला हात लावला. "बाबा, पान नाही खायचं! वरचं काढून टाकायचं, आतलं खायचं."

"वरचं टाकायचं, आतलं खायचं," केरबा म्हणाला.

मग मटणाचा रस्सा आणि लुची आली. मैद्याची पांढरीशुभ्र, टम्म फुगलेली पुरी. केरबाने वरचा पापुद्रा सोलून बाजूला ठेवला. खालचाही ठेवला. आत काहीच नव्हतं. दुसरी सोलली. तिच्यातही नव्हतं. पाच लुच्या सोलून झाल्यावर त्याने वेटरला बोलावलं.

"भाऊ, ह्यातलं आधीच कुणीतरी खाल्लंय."

वेटर नवा होता. तो आत विचारायला गेला.

तापसने हसू दाबलं. "काका, सोलायची नाही. तुकडा करायचा, मटणाच्या रश्शात बुडवायचा आणि खायचा."

"बुडवायचा आणि खायचा," केरबा म्हणाला.

तेवढ्यात संदेश आले. ताज्या छेन्याची मिठाई, शंखाच्या साच्यात पाडलेली. निमाईबाबूंनी ताटली मोठ्या प्रेमाने केरबापुढे धरली. केरबाने चार संदेश उचलले आणि एकेक करून मटणाच्या रश्शात बुडवले. चांगले भिजू दिले. मग खाल्ले.

शेफालीताईंनी पदर तोंडाला लावला. निमाईबाबूंनी डोळे मिटून घेतले. घरात कुणी गेल्यासारखे ते बसून राहिले.

हौसा केरबाला हात धुवायच्या निमित्ताने बेसिनपाशी घेऊन गेली. "अहो, किती तो हावरेपणा! माणसानं काही पुढं केलं की लगेच हात नाही घालायचा. आधी दोनदा नको म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की म्हणायचं, बरं, पण अर्धीच. म्हणजे आब राहतो."

"दोनदा नको. तिसऱ्यांदा, बरं, पण अर्धीच."

"आता तेवढंच करा. जा." आणि ती तोंडावर पाणी मारत तिथेच थांबली. तिला जरा एकटीला उभं राहायचं होतं.

केरबा जागेवर येऊन बसला. एव्हाना निमाईबाबू सावरले होते. पोरगी गुणी होती, त्यांना आवडली होती. संदेशाचं त्यांनी मनावर घ्यायचं नाही असं ठरवलं. त्यांनी हात जोडले.

"केरबादादा, आम्हाला वनिता पसंत आहे. तुमची मुलगी आमच्या घरात द्या."

"नको," केरबा म्हणाला.

निमाईबाबूंना वाटलं, आपलंच मराठी चुकलं. त्यांनी सावकाश सांगितलं, "म्हणजे लग्न. तापसचं आणि वनिताचं. देता ना मुलगी?"

"नको," केरबा गोड हसून म्हणाला.

निमाईबाबू उठले. शेफालीताईंनी नव्या सुनेसाठी आणलेली बांगडी पुन्हा रुमालात गुंडाळली. ती निमाईबाबूंनी स्वतः घडवली होती. तापस मान खाली घालून त्यांच्यामागे निघाला. वनिता धावत जाऊन वाटेत आडवी उभी राहिली.

"काका, अजून एकदा विचारा. फक्त एकदा. मी माझ्या बाबांना ओळखते. आईनं त्यांना नक्की काहीतरी पढवलंय."

निमाईबाबू परत आले. "दादा, हे शेवटचं विचारतो. देता का मुलगी?"

केरबाने आब राखून थोडा वेळ घेतला. मग म्हणाला, "बरं. पण अर्धीच."

बेसिनपाशी हौसाने खांब धरला.

निमाईबाबू बायकोकडे वळले. त्यांचे डोळे भरून आले होते. "शेफाली, ऐकलंस? अर्धी आमची, अर्धी त्यांची! मी माझी मुलगी सासरी पाठवली तेव्हा मला नाही हे सुचलं." त्यांनी केरबाला मिठी मारली. शेफालीताईंनी बांगडी वनिताच्या हातात चढवली. शेजारच्या टेबलावरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. वेटरनेही वाजवल्या. लग्न ठरलं.

परत येताना एसटीत केरबा तोंड फुगवून बसला होता.

"आता काय झालं?" हौसाने विचारलं.

"माणसं चांगली आहेत," केरबा म्हणाला. "पण आग्रह करायची रीत नाही त्यांच्यात. मी अर्धी म्हटलं, तर त्यांनी 'छे छे, अख्खीच' म्हणायला नको?"